मूक चाचणी

हेर्लेकरनं मला हात जोडून नमस्कार केला आणि वर हसला, तिथंच माझं डोकं फिरलं. मला वाटलं, हा नाटक करतोय. भर चौकशीत माझ्याकडे बोट दाखवून "या बाई थांबा म्हणाल्याच नाहीत" असं सांगणारा हा माणूस आज माझ्याच ऑफिसात, माझ्याच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मला विचारत होता, "मॅडम, किती वेळ लागतो हो याला? मला एक मीटिंग आहे."

"तासाभरात सुटाल," मी म्हटलं. "चहा घेणार?"

"बिनसाखरेचा," त्याच्या बायकोनं सांगितलं. मृणालिनी नाव तिचं. सुती साडी, पांढरे केस, चेहऱ्यावर कसलंही पाप नाही. तिनंच कागदपत्रं पुढे केली. डॉ. अविनाश हेर्लेकर, वय सदुसष्ट, 'वाटसोबत' कंपनीचे संस्थापक. मी आधारकार्डावरचा फोटो उगाचच दोनदा ताडून पाहिला. त्यानं भिंतीवरची पाटी वाचली, 'सरनोबत मोटार ड्रायव्हिंग स्कूल, फक्त महिलांसाठी', आणि पुन्हा हसला. सरनोबत हे नाव वाचूनही त्याच्या कपाळावर एक आठी आली नाही.

तेव्हा मला कळलं, की हे नाटक नाही. हा मला विसरलाय. आणि खरं सांगते, त्यानं जे केलं त्यापेक्षा हे विसरणं मला जास्त झोंबलं.

राजारामपुरीत मी तीस वर्षं बायकांना गाडी शिकवली. आता शिकायला फारसं कुणी येत नाही. गाडी निम्मी स्वतः चालते आणि उरलेलं ती वाट सांगणारी, बोलणारी डबी सांगते. पण मूक चाचणीचा कायदा झाला, ती घ्यायचं काम आमच्याकडे आलं आणि आमच्यासारख्या जुन्या स्कूलना पुन्हा बरे दिवस आले. पासष्टच्या पुढच्या प्रत्येकानं डबी बंद करून, शेजारी परीक्षक बसवून गाडी चालवायची. तरुणपणापासून माहीत असलेल्या एखाद्या ठिकाणी, कुणालाही न विचारता जायचं आणि परत यायचं. नापास झालात तर लायसन रद्द, आणि त्याचं कारण परीक्षकानं घरच्यांना समोर बसवून सांगायचं. असा कायदा का करावा लागला, हे माझ्यासमोर बसलेल्या या डॉक्टरसाहेबांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

कारण ती डबी त्यानंच काढली होती.

वाटसोबत पहिल्यांदा बाजारात आली तेव्हा मलाही तिचं कौतुक वाटलं होतं. बाकीची यंत्रं 'तीनशे मीटरवर उजवीकडे' असं सांगायची. म्हाताऱ्या माणसाला मीटर समजत नाहीत, त्याला खुणा समजतात. वाटसोबत म्हणायची, "गिरणीच्या पुढं डावीकडे घ्या." शिवाय ती घरच्या माणसाच्या आवाजात बोलायची. परक्या आवाजापेक्षा ओळखीचा आवाज म्हातारा मेंदू लवकर पकडतो, असं हेर्लेकरचं संशोधन होतं, आणि ते खोटं नव्हतं. मग काय, गावोगावच्या बायका कंपनीत जाऊन काचेच्या खोलीत बसल्या आणि आपापल्या नवऱ्यांसाठी वाक्यं बोलून आल्या. मीही गेले. माईकसमोर "अहो" म्हणताना मला इतकं हसू आलं, की तिथल्या मुलीला चार वेळा रेकॉर्डिंग थांबवावं लागलं.

आमचे हे, म्हणजे धैर्यशील सरनोबत, दूध संघात इंजिनिअर होते. बायको ड्रायव्हिंग शिकवते आणि नवरा तिचं ऐकत नाही, हा आमच्या गल्लीतला जुना विनोद. डबीचं मात्र ते निमूट ऐकायचे. "ही शैलजा भांडत नाही," असं म्हणायचे.

आता थोडं शास्त्र सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कानाच्या आतल्या अंगाला, मेंदूच्या पोटात एक छोटा भाग असतो. आपण कुठे उभे आहोत, घर कुठल्या बाजूला राहिलं, याचा नकाशा तिथे तयार होतो. स्मृतिभ्रंशाचा रोग पहिला घाव घालतो तो बहुधा तिथेच. त्यामुळे पुष्कळदा माणूस नावं विसरायच्या कितीतरी आधी वाट विसरू लागतो. डॉक्टरला हे दिसत नाही, गाडीला दिसतं. वळणाआधीची घुटमळ, स्टिअरिंगचे बारीक हिसके, नेहमीच्या चार रस्त्यांपलीकडे न जाणं, हे सगळं डबी मोजत होती. रोग कुटुंबाच्या लक्षात येण्याच्या वर्ष-दोन वर्षं आधी तिला कळायचं.

कळल्यावर ती काय करायची? अळीमिळी गुपचिळी. ती कुणाला काही सांगायची नाही, फक्त सूचना वाढवायची. आधी वळणावर बोलायची, मग वळणाच्या आधी, मग सरळ रस्त्यावरसुद्धा. माणूस जितका खचेल तितका टेकू मोठा. बाहेरून बघणाऱ्याला भिंत ताठच दिसायची. घरच्यांना कळलं असतं तर त्यांनी किल्ली काढून घेतली असती, आणि किल्ली गेली की डबीचं गिऱ्हाईक गेलं. म्हणून हेर्लेकरनं नियमच केला होता: डबीनं मोजलेलं घरच्यांना कळवायचं नाही.

यांचंही तेच झालं होतं, आणि मला पत्ता नव्हता. पाच वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर होता. आम्ही शिये गावाकडून येत होतो. डबीला पुराची खबर उशिरा लागली असावी. ती म्हणाली, "अहो, सरळ चला." समोर रस्त्यावर पाणी चमकत होतं. मी ओरडले, "अहो, थांबा!" यांनी माझ्याकडे पाहिलं, मग डबीकडे पाहिलं. आवाज दोन्हीकडून माझाच. वर्षभर त्यांना बरोबर घरी आणणारी शैलजा डबीतली होती. त्यांनी तिचं ऐकलं.

तरीही गाडी थांबायला हवी होती. प्रवाशांपैकी कुणीही 'थांबा' म्हणून ओरडलं की गाडीनं स्वतः ब्रेक लावायचा, ही सोय तिच्यात होती. मी तीनदा ओरडले. गाडी थांबली नाही.

ती पुराच्या पाण्यात गेली, आणि गावातल्या पोरांनी दोर टाकून आम्हाला काढलं. माझ्या छातीत पाणी गेलं, न्यूमोनिया झाला, आणि उठले तेव्हा आवाज बसला होता तो कायमचा. आता मी बोलते ती फाटक्या भोंग्यासारखी. आणि यांनी दवाखान्यात डोळे उघडले ते रडतच. "ती आतच राहिली," म्हणाले. "मी एकटाच वर आलो. शैलजा आतच राहिली." मी हात धरून सांगितलं, मी आहे, ही बघा मी. त्यांनी हात सोडवून घेतला. "बाई, तुम्ही कोण ते मला माहीत नाही, पण माझी बायको बुडाली हो."

तेव्हापासून मी माझ्याच नवऱ्याच्या घरात परकी बाई म्हणून राहते. माझ्या हातचं ते जेवत नाहीत. सगुणा, आमच्याकडे कामाला असलेली बाई, तिच्या हातून दोन घास जातात. दिवसभर ते ती रिकामी डबी घेऊन बसतात. हो, रिकामी. अपघातानंतर कंपनीनं खातं बंद केलं आणि आवाज काढून घेतला. मी हातापाया पडले, की तेवढा आवाज परत द्या, त्यांना वाटू दे मी जिवंत आहे. उत्तर आलं, की आवाज कराराप्रमाणे कंपनीच्या मालकीचा आहे. आणि चौकशीत हेर्लेकर छाती ठोकून बोलला, की डबीत 'थांबा' अशी हाक नोंदलेलीच नाही. शेजारी बसलेल्या बाई वेळेत ओरडल्या नाहीत.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. मी तेव्हापासून त्याच्यावर दात धरून होते. आणि आज तो माझ्या गाडीत बसायला आला होता.

मृणालिनीबाईंना मी ऑफिसात बसवलं. हेर्लेकरला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, तो माझ्या पायाखाली. त्याच्या खिशातली डबी मी काढून घेतली आणि बंद केली. बंद होता होता ती त्याच्या बायकोच्या आवाजात म्हणाली, "अवि, सांभाळून."

"कुठं जायचं, साहेब?"

"शाळेत. शुक्रवार पेठेतली माझी शाळा. डोळे मिटून जाईन."

"उघडे ठेवूनच जावा," मी म्हटलं.

बागल चौकापर्यंत तो ऐटीत गेला. तिथं उजवीकडे घेतलं. का घेतलं, हे त्यालाही कळलं नसावं. थोड्या वेळानं आम्ही टाकाळ्याच्या बागेपाशी होतो. बागेला वळसा घालून तो पुन्हा बागेपाशी आला. तिसऱ्यांदा बाग दिसली तेव्हा त्याच्या कानशिलावरून घाम वाहायला लागला.

मी गप्प बसले. परीक्षकानं गप्पच बसायचं असतं. पण मी नुसती गप्प नव्हते, मी मजा बघत होते. थोड्या वेळापूर्वी मला झोंबत होतं की हा विसरला. आता कळलं की हा फक्त मला विसरलेला नाही. ह्याचा नकाशाच पुसत चाललाय. देव काठीनं मारत नाही म्हणतात. बरोबर आहे, त्यानं ह्याला ह्याच्याच डबीनं मारलं होतं.

सायबर चौकात उजवीकडून बस आली. त्याला ती दिसली नाही. माझा पाय ब्रेकवर होता. मी तो दाबायला हवा तेव्हा दाबला नाही. एक श्वास थांबले. मुद्दाम. बसचा भलामोठा लाल चेहरा त्याच्या खिडकीत आला, तो किंचाळला, "थांबा, थांबा!" आणि मग मी पाय दाबला. गाडी जागच्या जागी गपकन थांबली. बस शिव्या देत निघून गेली.

"बघा," मी म्हटलं. "तुम्ही ओरडलात आणि गाडी थांबली. नशीबवान आहात. माझी थांबली नव्हती."

त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. मग हळूच म्हणाला, "शियेचा रस्ता."

परवाचं जेवण विसरतात आणि पाच वर्षांपूर्वीचं लख्ख आठवतं, तसला हा आजार. मी गाडी कडेला घ्यायला लावली.

"मी तीनदा ओरडले होते, साहेब."

"माहीत आहे." तो समोर बघत बोलला. "डबीनं ऐकलं होतं. पण ती स्वतःसुद्धा 'थांबा, सिग्नल आहे' असं बोलते ना? तिच्या बोलण्यानंच गाडी थांबू नये म्हणून आम्ही तिचा स्वतःचा आवाज गाळून टाकत होतो. आवाज तुमचा होता. तुम्ही ओरडलात ते तिला आपलाच प्रतिध्वनी वाटला." त्यानं हातरुमालानं तोंड पुसलं. "आम्ही बायकांचे आवाज डबीत घातले आणि त्याच बायका शेजारच्या सीटवर बसणार, हे आमच्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. जगात फक्त तुमच्याच ओरडण्यानं ती गाडी थांबणार नव्हती."

"हे चौकशीत का नाही सांगितलं?"

"लाखभर बायकांचे आवाज होते, मॅडम. कंपनी बसली असती."

"म्हणून मला बसवलंत."

त्यावर तो म्हणाला, "तुम्हीही तेच करता की. शिकणाऱ्या बाईला न कळता ब्रेक दाबता, तिला वाटतं मीच दाबला. आम्हीही आधारच देत होतो."

"मी पाय काढून घेते आणि मगच लायसन देते," मी म्हटलं. "तुम्ही पाय दाबतच गेलात आणि घरात कुणाला सांगितलं नाहीत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तुमचा."

"मला नापास करू नका," तो म्हणाला. "परवा बोर्डाची निवडणूक आहे. स्मृतिभ्रंशाचा शिक्का बसला की मला माझ्याच कंपनीतून उठवतील. मृणालिनीला तर... तिला यातलं काही माहीत नाही." आणि मग, ज्यासाठी मी इतकी वर्षं दारं झिजवली, ते तो स्वतःहून बोलला. "तुमचा आवाज आहे अजून. पुसलेला नाही. मी आत्ता सोडायला सांगतो. तुम्ही मला पास करा."

एकीकडे हा माणूस, ज्याला मातीत घालायचं मी ठरवलं होतं. दुसरीकडे आमचे हे, रिकाम्या डबीला कान लावून बसलेले.

"आधी सोडा," मी म्हटलं.

"शब्द द्या."

"दिला."

त्यानं माझ्या फोनवरून कंपनीला फोन लावला, आवाजानं ओळख पटवली, अंगठा टेकवला. आम्ही गाडीत बसून राहिलो. थोड्याच वेळात सगुणाचा फोन आला. ती ओरडतच होती.

"वहिनी, डबी बोलाय लागली की! 'अहो, आलात का' म्हणाली. साहेब उठून बसल्यात. रडालेत आणि हसालेत बी. 'वर आली, वर आली' म्हणालेत!"

मी फोन ठेवला. स्टिअरिंगवर मी बसले आणि परत आले. त्याला त्याची स्वतःची गल्लीसुद्धा ओळखता आली नसती.

ऑफिसात मृणालिनीबाई उठून उभ्या राहिल्या. "कसं झालं?"

मी खुर्ची ओढली, त्यांना बसवलं आणि त्यांच्यासमोरच शिक्का मारला. नापास.

हेर्लेकर ताडकन उठला. "हे काय? तुम्ही शब्द दिला होता! गाडीत! मी तुमचा आवाज सोडला आणि तुम्ही म्हणालात पास करते!"

मी त्याच्याकडे बघितलं. अगदी प्रेमानं बघितलं.

"कधी म्हणाले मी असं, साहेब? तुम्हाला नक्की आठवतंय?"

त्यानं तोंड उघडलं आणि तसंच राहू दिलं. त्याचे डोळे माझ्यावरून दारावर, दारावरून बायकोवर फिरले. तो शोधत होता. खरंच बोलणं झालं होतं की नाही, हे तो स्वतःच्या आत शोधत होता, आणि तिथे त्याला काही सापडत नव्हतं. "मी... आपण कुठेतरी थांबलो होतो ना?" तो बायकोला म्हणाला. "बागेपाशी?"

ती तर गाडीत नव्हतीच. तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं, की आपल्या नवऱ्याकडे ती पहिल्यांदाच असं बघतेय.

मी खोटं बोलले. धडधडीत. आणि मला इतकं बरं वाटलं, की पाच वर्षांत तसं वाटलं नव्हतं. पण कायद्याचं काम बाकी होतं, आणि तिथे मी एक अक्षर खोटं बोलले नाही.

"ताई," मी मृणालिनीबाईंना म्हटलं, "हे तीनदा एकाच बागेला फिरले. बस दिसली नाही. शाळा सापडली नाही. आजार आजचा नाही. तुमच्या आवाजातल्या त्या डबीला हे वर्षभर तरी माहीत असणार. कंपनीतल्या लोकांनाही."

"मग मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"घरच्यांना सांगायचं नाही, असा नियम आहे. ह्यांनीच केलाय."

मृणालिनीबाईंनी नवऱ्यापुढे हात केला. हेर्लेकरनं खिशातून किल्ली काढली आणि लहान मुलासारखी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्याची डबी मी परत आल्यावर टेबलावर ठेवली होती, ती तिथंच राहिली. त्या डबीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. रिक्षा बोलवायला त्या बाहेर गेल्या, आणि तो त्यांच्या पदराला धरून मागोमाग गेला.

मी घरी आले तेव्हा हे जेवणाच्या टेबलाशी बसले होते, डबी समोर ठेवून. पाच वर्षांपूर्वीचा माझा आवाज घरभर होता, स्वच्छ, गोड, भांडण नसलेला. डबीला फोनवरून लिहून दिलं की ती माझ्या आवाजात हवं ते बोलायची. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून लिहिलं.

"अहो, जेवून घ्या. भाकरी केलीय."

मी ताट ठेवलं. त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. मी पुन्हा लिहिलं.

"त्या बाईंच्या हातचं खा. चांगली आहे ती."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, झुणक्याला लावला आणि खाल्ला. माझ्या हातचा. पाच वर्षांनी. मला रडू आलं, ते मी पदरानं दाबलं आणि भराभरा लिहिलं, कारण दिवसभर ज्याच्यासाठी जीव अडकला होता ते मला यांनाच सांगायचं होतं, दुसऱ्या कुणाला सांगून काय उपयोग?

"अहो, त्या हेर्लेकरला आज मी नापास केलं."

हे डबीकडे बघून खूश झाले. तोंडातला घास सावकाश गिळला.

"बरं केलंस," म्हणाले. "कोण गं तो?"

मी फोन खाली ठेवला. समोरची खुर्ची ओढून बसले आणि माझ्या फाटक्या आवाजात, पुराच्या पाण्यापासून, सगळं पहिल्यापासून सांगायला लागले. ते जेवत होते आणि डबीकडे बघत ऐकत होते.